क्षितिज कुठं ठेवायचं? रशियन निसर्गचित्रांतलं अध्यात्म कसं बांधलेलं असतं

मॉस्कोच्या त्रेत्याकोव गॅलरीत इसाक लेव्हितानचं १८९४ सालचं एक चित्र आहे. नावाचा अर्थ साधारण 'चिरशांतीच्या वर' असा होतो. रुंदी २०६ सेंटीमीटर, उंची १५०. खाली डाव्या अंगाला पाण्यात घुसलेलं टेकाड, त्यावर एक लहानसं लाकडी चर्च, मागं कलंडलेल्या क्रूसांची दफनभूमी आणि वाऱ्यानं वाकलेली झाडं. बाकी सगळा तलाव आणि आभाळ. या चित्रासमोर एक साधा प्रश्न विचारावा: हे सगळं आपण कुठं उभं राहून पाहतोय? चर्चचं छप्पर आपल्या नजरेच्या खाली आहे आणि क्षितिज त्याच्या बरंच वर आहे. म्हणजे आपण हवेतच कुठंतरी आहोत. तिथं माणूस उभा राहू शकत नाही.

'गूढ', 'आध्यात्मिक', 'आत्म्याला भिडणारं' ही विशेषणं रशियन निसर्गचित्रांना फार सैलपणे चिकटवली जातात. त्या विशेषणांचं मोजमाप करता येतं, असं आमचं म्हणणं आहे. क्षितिज किती उंचीवर आहे, उजेड कुठून येतो, आपल्या आणि दूरच्या चर्चच्या मध्ये काय आहे, माणूस असेल तर केवढा आहे, या चार गोष्टी तपासल्या की चित्रातला धर्मभाव बराचसा उलगडतो. १८७० ते १९१७ या काळातल्या चित्रांना ही तपासणी विशेष लागू पडते. पण त्याआधी या चित्रकारांच्या डोक्यात जन्मापासून काय मुरलेलं होतं ते थोडं बघावं लागेल.

पहिली गोष्ट एका शब्दाची. ख्रिस्ती संन्यासाची सुरुवात इजिप्त आणि सीरियाच्या वाळवंटात झाली. मध्य आणि उत्तर रशियात वाळवंट नाही. तिथल्या भाषेत वाळवंट आणि एकांतातला मठ या दोन्हींसाठी 'पुस्त' म्हणजे रिकामं, ओसाड यावरून आलेला 'पुस्तिन' हा एकच शब्द होता, आणि रशियन जोग्यांनी त्यासाठी रान निवडलं. चौदाव्या शतकात राडोनेझचा सेर्गी भावाबरोबर मॉस्कोच्या उत्तरेच्या जंगलात गेला आणि दोघांनी हातानं लाकडी प्रार्थनाघर उभारलं. त्याच जागी पुढं त्रिमूर्ती-सेर्गी मठ झाला (त्रिमूर्ती म्हणजे इथं ख्रिस्ती धर्मातले पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा). त्यामुळं रशियन माणसाला सुचिपर्णी झाडांची दाट रांग दिसली की तिच्यामागं कुणीतरी प्रार्थना करत बसलेलं असणार, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. चित्रात साधू दाखवायची गरजच उरत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. चौदाव्या शतकातच ग्रीक धर्मपंडित ग्रेगरी पालामास यानं मांडलं की ताबोर डोंगरावर शिष्यांना ख्रिस्ताभोवती दिसलेला प्रकाश सूर्यासारखा निर्माण केलेला नव्हता, ती साक्षात ईश्वराची शक्ती होती. मौन आणि नामजप यांनी मन स्थिर झालेल्या साधकाला तो याच देहात दिसू शकतो. नामजप म्हटल्यावर मराठी वाचकाला वेगळं समजावण्याची गरज नाही. हा विचार मठांतून रशियात आला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस साधकांच्या जुन्या वचनांचा मोठा संग्रह स्लाव्ह भाषेत छापला गेल्यावर पुन्हा जोरात पसरला. १८८९ मध्ये तत्त्वज्ञ व्लादिमीर सोलोव्योव यानं निसर्गाच्या सौंदर्यावर निबंध लिहिला. त्यातलं उदाहरण साधं आहे. कोळसा आणि हिरा, दोन्ही कार्बनच. हिरा सुंदर, कारण तो उजेड आत घेतो आणि खेळवतो. जड वस्तूत प्रकाश शिरला आणि तिनं तो सामावून घेतला की सौंदर्य जन्मतं. हे वाक्य डोक्यात ठेवून त्या दशकातली संध्याकाळची नदी पाहावी.

तिसरी गोष्ट आयकॉनची, म्हणजे लाकडी फळीवर रंगवलेल्या पूजेच्या चित्राची. इथं थोडं कारखान्यात शिरू, कारण अर्धा अर्थ तिथंच आहे. फळी बहुधा लिंडेनच्या लाकडाची, कारण ते मऊ आणि एकसारखं असतं. लाकूड दमट हवेत वाकतं म्हणून मागून आडव्या पट्ट्या बसवायच्या. पुढच्या बाजूचा मधला भाग किंचित खोदून कडा उंच ठेवायच्या. त्यावर सरसानं कापड चिकटवायचं, आणि खडूची पूड व सरस यांचं पातळ मिश्रण थरावर थर देत चढवायचं. प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा नाही. घाई केली किंवा सरस जास्त झाला की अस्तर तडकतं, आणि सरस कमी पडला की भुगा होऊन गळतं. वाळलं की हस्तिदंतासारखं गुळगुळीत घासायचं. रंगद्रव्य अंड्याच्या बलकात कालवायचं आणि बलक लवकर नासू नये म्हणून त्यात थोडं व्हिनेगर किंवा क्वास हे आंबवलेलं पेय घालायचं.

सगळ्यात महत्त्वाचा आहे रंगवण्याचा क्रम. चेहऱ्याला आधी हिरवट तपकिरी गडद थर देतात. मग गेरू आणि पिवळ्या मातीचे उजळ होत जाणारे थर, आणि शेवटी कपाळावर, डोळ्यांखाली पांढऱ्याच्या बारीक रेघा. काम अंधारातून उजेडाकडे जातं. वस्तूवर बाहेरून उजेड पडल्याची सावली आयकॉनमध्ये नसते. मागच्या सोनेरी पार्श्वभूमीला कारागीर 'स्वेत' म्हणतात, म्हणजे सरळ 'उजेड'. तिथं डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे असतात, एका झाडाचं रान होतं, क्षितिज नसतंच. दूर जाणाऱ्या रेषा एकमेकींजवळ येण्याऐवजी फाकतात, त्यामुळं चित्र आपल्याकडे उघडत येतं.

आता एक सावधगिरीची सूचना. लोकप्रिय लेखांत ही चूक हमखास सापडते. लेव्हितानच्या किंवा त्याचा समकालीन चित्रकार नेस्तेरोव याच्या रंगांवर 'प्राचीन आयकॉनच्या तेजस्वी रंगांचा प्रभाव' दाखवला जातो. पण १८९० च्या सुमाराला ते तेजस्वी रंग जवळपास कुणी पाहिलेलेच नव्हते. आयकॉनवर शेवटी जवसाच्या उकळलेल्या तेलाचा लेप देत. काही दशकांत तो तपकिरी होतो, मेणबत्त्यांची काजळी त्यावर बसते, शंभरेक वर्षांत चित्र काळंठिक्कर पडतं. मग त्यावरच कुणीतरी नव्यानं रंगवायचं, आणि वरून चांदीचा किंवा सोन्याचा पत्रा ठोकायचा, फक्त चेहरे आणि हात उघडे. पंधराव्या शतकातला आयकॉनकार आंद्रेई रुब्लेव याची प्रसिद्ध 'त्रिमूर्ती' अशीच झाकलेली होती. १९०४ मध्ये वासिली गुर्यानोवनं पत्रा काढून ती पहिल्यांदा साफ करायला घेतली. त्यामागचा पुढाकार इल्या ओस्त्रोउखोवचा. हा गृहस्थ मुळात निसर्गचित्रकार, आणि त्याचं नदीकाठचं 'सिवेर्को' हे १८९० चं चित्र आजही गॅलरीत आहे. पुढं तो आयकॉनांचा मोठा संग्राहक झाला. १९११ मध्ये मॉस्कोला आलेल्या फ्रेंच चित्रकार आंरी मातीसला त्यानंच आपला संग्रह दाखवला. १९१३ मध्ये मॉस्कोत जुन्या रशियन कलेचं मोठं प्रदर्शन भरलं आणि साफ केलेले आयकॉन सगळ्यांसमोर आले.

म्हणून १९०४ ते १९१३ हा उंबरठा धरावा. त्याआधीच्या चित्रकारांनी आयकॉनमधून भाव, मांडणी आणि शांतपणा उचलला. लाल, निळे, पिवळे सपाट रंग उचलले ते नंतरच्यांनी.

उंबरठ्याच्या अलीकडचा सगळ्यांत ठळक धागा सुरू होतो १८७१ ला. अलेक्सेई साव्रासोवच्या 'डोमकावळे परत आले' या चित्रात वितळणारं मळकट बर्फ, वाकडेतिकडे बर्चवृक्ष, घरटी बांधणारे पक्षी आणि मागं मोल्वितिनो गावच्या चर्चचा मनोरा आहे. दिसायला त्यात विशेष काही नाही. चित्रकार क्राम्स्कोईनं त्या प्रदर्शनाबद्दल लिहिलं की इतरांच्या चित्रांत झाडं आहेत, पाणी आहे, हवासुद्धा आहे, पण आत्मा फक्त याच चित्रात आहे. यात उत्सवी रोषणाई नाही, देखणा डोंगर नाही. गरीब, ओलं, ओबडधोबड तेच पवित्र, हा खास रशियन भाव निसर्गचित्रात इथून रुजला.

साव्रासोवचा शिष्य लेव्हितान. तो ज्यू होता. १८९२ मध्ये मॉस्कोतून ज्यूंना हाकललं गेलं तेव्हा त्यालाही शहर सोडावं लागलं आणि ओळखीपाळखीनंतरच परतता आलं. ऑर्थोडॉक्स, म्हणजे रशियातल्या मुख्य ख्रिस्ती पंथाच्या चर्चशी त्याचं नातं भक्ताचं नव्हतं, आणि तरी रशियन मठाची सगळ्यात खोल चित्रं त्यानंच काढली. १८९० चं 'शांत आश्रम' पाहा. पलीकडच्या काठावर झाडीत मठाचे घुमट, मध्ये स्थिर नदी, अलीकडच्या काठावरून फळ्यांचा एक डुगडुगता पूल. आपण पलीकडे जाऊ शकतो. दोन वर्षांनी काढलेल्या 'सांजघंटा' मध्ये जवळपास तसाच देखावा आहे, पण पूल नाही, नावा आहेत. वाट कमी झाली. आणखी दोन वर्षांनी सुरुवातीच्या चित्रातलं चर्च येतं तेव्हा पूलही नाही, नावही नाही. फक्त खिडकीत एक बारीकसा दिवा. तीन चित्रं ओळीनं ठेवली की लेव्हितान काय सांगतोय ते कळतं, आणि त्यासाठी धर्मग्रंथ उघडावा लागत नाही.

त्या शेवटच्या चित्रातला तलाव वेगळ्या ठिकाणचा आणि चर्च व्होल्गाकाठच्या प्ल्योस गावचं. दोन जागा त्यानं चित्रात एकत्र बसवल्या. ते रंगवत असताना तो आपली चित्रकार मैत्रीण सोफिया कुव्शिन्निकोवाला बेटहोव्हनच्या तिसऱ्या सिंफनीतली शोकधून पियानोवर वाजवायला सांगे. रशियात अशा चित्राला 'मनोवस्थेचं निसर्गचित्र' म्हणतात. सोव्हिएत काळातल्या पुस्तकांनी 'मातृभूमीचा कवी' म्हणून लेव्हितानला मोठं केलं आणि दिवा, क्रूस, मठ यांवरून नजर पुढं सरकवली. त्याच्या 'व्लादिमिर्का' या चित्रात वाटेकडेला आयकॉन बसवलेला खांब आणि त्यापुढं प्रार्थना करणारी फिरस्ती बाई आहे. सैबेरियाला जाणारे कैदी साखळ्या ओढत याच रस्त्यानं गेले. ती बाई झाकून पाहिली तर चित्र निव्वळ रस्त्याचं उरतं.

मिखाईल नेस्तेरोव उलट मनापासून श्रद्धाळू. १८९० मध्ये दाखवलेल्या 'बालक बार्तोलोमेईला झालेलं दर्शन' या चित्रात त्यानं मघाच्याच सेर्गीचं बालपण घेतलं; बार्तोलोमेई हे त्याचं संन्यासाआधीचं नाव. कथा अशी की पोराला अक्षर येत नव्हतं, हरवलेले घोडे शोधायला गेला असता झाडाखाली एक वृद्ध भिक्षू भेटला आणि त्याच्या आशीर्वादानं वाचता येऊ लागलं. नेस्तेरोवनं देखावा मॉस्कोजवळच्या अब्राम्त्सेवोच्या परिसरातला घेतला, तोही शरद ऋतूतला. पिवळट गवत, काडीसारखी कोवळी झाडं, मागं लाकडी चर्च आणि कोबीचे वाफे. पोराचा चेहरा काही केल्या सापडेना. शेवटी शेजारच्या गावात आजारातून उठलेली, केस कापलेली एक मुलगी दिसली, तिचे मोठे डोळे त्यानं घेतले.

करामत अशी की भिक्षूचा चेहरा टोपडीखाली झाकलेला आहे. चमत्काराचा सगळा भार त्यामुळं रानावर पडतो. उजेडाला एक दिशा नाही, सावल्या जवळजवळ नाहीत, क्षितिज उंच असल्यानं जमीन भिंतीसारखी मागून उभी राहते आणि तिचा मळका सोनेरी रंग आयकॉनच्या 'स्वेत'चं काम करतो. भिक्षूच्या डोक्यामागं मात्र तेजोवलय काढलं आहे, आणि त्यावरूनच भांडण पेटलं. फिरती प्रदर्शनं भरवणाऱ्या वास्तववादी चित्रकारांना आणि समीक्षक स्तासोवला ते खटकलं. काही जण गॅलरीचा संस्थापक पाव्हेल त्रेत्याकोव याच्याकडे गेले, घेतलेलं चित्र परत करा म्हणाले. तो बधला नाही. आमच्या मते नेस्तेरोव जेवढं कमी सांगतो तेवढा मोठा आहे. १९०५ मध्ये पुरं झालेल्या 'पवित्र रशिया' मध्ये ख्रिस्त आणि संत थेट समोर येऊन उभे राहतात. रानाला काही बोलायचं शिल्लकच राहत नाही, ते नाटकाचा पडदा होऊन बसतं.

आर्खिप कुइंजीचं प्रकरण निराळं. त्याचं 'नीपर नदीवरची चांदणी रात्र' १८८० मध्ये पीटर्सबर्गला एकट्यानं मांडलं गेलं. एका दालनात हे एकच चित्र, खिडक्या झाकलेल्या, दिव्याचा झोत फक्त कॅनव्हासवर. लोक रांगा लावून येत, आणि काही जण मागं दिवा ठेवलाय का हे डोकावून पाहत. चित्राचा बहुतेक भाग उबदार तपकिरी काळोखाचा आहे, त्याच्या मधोमध थंड हिरवट चंद्र आणि नदीवरचा पट्टा. अंधाऱ्या खोलीत डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, उबदार काळ्याशेजारी थंड उजळ रंग दुप्पट पेटतो. कुइंजीची ऊठबस रसायनशास्त्रज्ञ मेंदेलेएव आणि रंगांचा अभ्यास करणारा भौतिकशास्त्रज्ञ पेत्रुशेव्स्की यांच्यात होती. म्हणजे पाहणाऱ्यांना जे दैवी वाटलं ते त्यानं प्रयोगशाळेच्या शिस्तीनं बांधलं होतं.

किंमतही मोजावी लागली. गडद भागांत डांबरासारखा काळपट रंग वापरला होता. तो लावताना खोल, रेशमी दिसतो पण पुरता वाळत नाही आणि कालांतरानं काळवंडतो. क्राम्स्कोईला रंग टिकतील का याची काळजी तेव्हाच वाटली होती. त्यात विकत घेणाऱ्या राजघराण्यातल्या ग्रँड ड्यूकनं चित्र जहाजावरून समुद्रप्रवासाला नेलं, खारी दमट हवा भोवली. आज पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये दिसतं ते मूळ चित्रापेक्षा बरंच काळोखं आहे. त्याच्या छापील प्रती उजळ केलेल्या असतात. त्यांवरून मत बनवू नये.

कुइंजीचा शिष्य निकोलाय रेरिख, ज्याला आपण रोरिक म्हणतो. गुरूकडून त्यानं एकच झोत आणि सपाट काळी आकृती हे सूत्र घेतलं. १९०३-०४ मध्ये जुनी रशियन गावं आणि चर्चं हिंडून रंगवली. पुढं तो तैलरंग सोडून टेम्पराकडे, म्हणजे पाण्यात कालवता येणाऱ्या रंगांकडे वळला, कारण तेल पिवळं पडतं. टेम्परा क्षणात वाळतं, दोन रंग एकमेकांत विरघळवायला सवड देत नाही. त्यामुळं कडा स्पष्ट राहतात, दूरचा डोंगरही जवळच्याइतकाच ठाम दिसतो आणि पृष्ठभाग मॅट असल्यानं चकाकत नाही. तोटा असा की कॅनव्हास लवचिक असतो आणि टेम्पराचा थर कडक, गुंडाळी केली की तडे जातात. १९१२ च्या 'आकाशातलं युद्ध' मध्ये खाली चिमुकल्या झोपड्या आणि वर ढगांची झुंज. क्षितिज अगदी तळाशी ढकललं आहे. लेव्हितान आपल्याला हवेत उचलतो, रोरिक मातीला चिकटवून ठेवतो.

त्याचा अध्यात्माचा झरा मात्र चर्चबाहेर वळला. थिऑसॉफी (सगळ्या धर्मांमागं एकच गूढ ज्ञान मानणारा पंथ), बौद्ध विचार, पीटर्सबर्गच्या बौद्ध मंदिराच्या रंगीत काचा, आणि शेवटी भारत. २ डिसेंबर १९२३ ला रोरिक कुटुंब मुंबई बंदरात उतरलं आणि मध्य आशियाच्या मोहिमेनंतर १९२८ पासून कुलूजवळ नग्गरला राहिलं. हिमालयातल्या चित्रांचे निळे थर अनेकांना नुसती कल्पना वाटतात. विरळ, कोरड्या हवेत दूरचे कडे खरोखरच इतके कातीव दिसतात. त्याचं सूत्र त्या उंचीवर निसर्गाशी जुळलं म्हणायचं. तरी एकामागून एक शंभर पाहिली की सूत्र जाणवू लागतं, हेही खरं.

अमूर्त चित्रकलेचा एक प्रवर्तक वासिली कांदिन्स्की याचा इथं ओझरता उल्लेख पुरे. १८८९ मध्ये कायद्याचा विद्यार्थी असताना तो व्होलोग्दा भागात शेतकऱ्यांचे रीतिरिवाज टिपायला गेला. रंगवलेलं सामान आणि कोपऱ्यात आयकॉन व दिवा असलेल्या घरात पाऊल टाकताच आपण चित्राच्या आत शिरलो असं त्याला वाटलं. नंतरच्या त्याच्या देखाव्यांत टेकडी, घुमट, घोडेस्वार हळूहळू नुसते डाग होत गेले.

उंबरठ्याच्या पलीकडचं उदाहरण म्हणून कुझ्मा पेत्रोव-वोद्किन घ्यावा. व्होल्गाकाठच्या ख्वालिन्स्कचा हा मुलगा आयकॉन रंगवणाऱ्यांचं काम पाहत वाढला. त्याच्या १९१७ च्या 'मध्यान्ह. उन्हाळा' या चित्रात क्षितिजरेषा वाकलेली आहे, पृथ्वी गोल असल्याचं जाणवावं इतकी. याला तो गोलाकार दृष्टी म्हणे. उभ्या वस्तू सरळ उभ्या न राहता बाहेर झुकतात, जणू पाहणाऱ्याची मान तिरकी आहे. रंग लाल, निळा, पिवळा आणि त्यांच्यातून निघणारा हिरवा, साफ केलेल्या आयकॉनसारखे सपाट. संतांच्या आयकॉनमध्ये मधल्या आकृतीभोवती आयुष्यातले प्रसंग छोट्या चौकटींत मांडतात. इथं चौकटी पुसल्या आहेत आणि प्रसंग एकाच हिरव्या टेकडीवर विखुरलेत. तान्ह्याला घेतलेली आई, विसावलेले कामकरी, आणि वाटेनं खांद्यावर शवपेटी नेणारी माणसं. मधली संताची जागा रिकामी आहे. अगदी पुढं, डोळ्यांसमोर, फांदीला लगडलेली सफरचंदं. ती मोठी दिसतात, अंत्ययात्रा लहान.